शिवसागरच्या काठी घर घेताय? तापोळा-बामणोलीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळचा जावळी तालुक्यातला. नोकरी साताऱ्यात झाली आणि निवृत्तीनंतर तापोळ्याच्या अलीकडे, रस्त्याच्या वरच्या अंगाला घर बांधून राहतोय. दिवाळी झाली की फोन सुरू होतात. कोणाचा तरी मित्र, कोणाची तरी मेहुणी. सगळ्यांचे प्रश्न तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकदा नीट लिहून ठेवली आहेत. वकिलाचा सल्ला यातून मिळणार नाही. वकिलाकडे जाताना काय विचारायचं, एवढं मात्र नक्की कळेल.

तापोळा आणि बामणोली नेमकी कुठे आहेत?

कोयना धरणाच्या फुगवट्याला शिवसागर म्हणतात. तापोळा महाबळेश्वर तालुक्यात आहे, कोयना आणि सोळशी या नद्यांच्या संगमावर. महाबळेश्वरहून घाट उतरून तासाभरात पोहोचता. बामणोली जावळी तालुक्यात, साताऱ्याहून कास पठारावरून खाली उतरलं की येते. दोन्ही गावं लहान, दोन्हीकडे बोट क्लब, आणि सुट्टीच्या दिवशी दोन्हीकडे गाड्यांची रांग. पर्यटक तापोळ्याला मिनी काश्मीर म्हणतात. इथल्या माणसाच्या तोंडी मात्र 'खोरं' हाच शब्द असतो: कोयना खोरं, सोळशी खोरं, कांदाटी खोरं.

जागा बघायला कधी यावं?

दोनदा या. एकदा जुलैत आणि एकदा मेमध्ये. त्यानंतरच इसार द्या.

यावर मी इतका अडून बसतो, कारण माझे स्वतःचे पैसे जाता जाता वाचले. मला जागा दाखवली ती एप्रिलच्या शेवटी. पाण्याकडे उतरत जाणारा सपाट, तांबूस तुकडा, मध्ये आंब्याचं एक झाड. दाखवणारा माणूस झाडापासून चालत थेट पाण्यापर्यंत गेला आणि म्हणाला, "इथपर्यंत सगळं आपलंच." मी इसाराचा चेक लिहायला बसलो होतो. बायको म्हणाली, गणपती होऊ देत. गणपतीनंतर आलो तर झाडाच्या बुंध्याला पाणी लागलेलं. तो ज्या जमिनीवरून चालत गेला होता ती सगळी पाण्याखाली, आणि वर उरलेला तुकडा म्हणजे खडकाळ उतार, त्याला रस्ता नाही. ज्या गटाचा सातबारा त्याने मला दिला होता, तो त्या खडकाचाच होता. सातबारा खरा होता, बोटाने दाखवलेली जमीन वेगळी होती.

जुलैत आलात की रस्ता, घाट, दरडी, वीज आणि ओल कळते. मेमध्ये आलात की प्यायचं पाणी कुठून येतं ते कळतं. डिसेंबरात यातलं काहीच कळत नाही. डिसेंबरात सगळंच सुंदर असतं, आणि नेमके सगळे व्यवहार तेव्हाच होतात.

काठावरची जमीन कोणाची असते?

पाण्याच्या पूर्ण संचय पातळीपर्यंतची जमीन धरणासाठी संपादित झालेली, म्हणजे सरकारची. कोयनेची ही पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे 2163 फूट आहे. धरणात 105.25 टीएमसी पाणी साठतं, आणि ऑगस्ट-सप्टेंबरात धरण भरलं की पाणी त्या रेषेला टेकतं. पुढे वीजनिर्मितीला आणि सिंचनाला पाणी सुटत जातं आणि काठ खाली खाली सरकतो. मे महिन्यात घरापासून पाणी बरंच लांब गेलेलं असतं आणि मधे तांबड्या मातीचा उघडा पट्टा पडतो. या पट्ट्यात काही ठिकाणी तात्पुरती पिकं घेतात, तिला गाळपेर जमीन म्हणतात. ती कसायला मिळते, विकायला नाही. "गाळपेर आमच्याच नावावर आहे, तीही तुम्हालाच" असं कोणी म्हणालं तर तो कागद हातात घेऊन नीट वाचा.

भूमी अभिलेख कार्यालयात पैसे भरून हद्द कायम मोजणी करून घ्या. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा आणि संपादनाची हद्द जागेवर खुणा करून मागा. शेजारच्या खातेदारांना नोटीस गेली आहे ना, तेही बघा. मोजणीची फी सगळ्या व्यवहारापुढे काहीच नाही.

सातबाऱ्यावर काय काय बघायचं?

डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत घरबसल्या मिळतो. तो मिळाला की लोकांना वाटतं काम झालं. खरं काम तिथून सुरू होतं.

आधी भोगवटादार वर्ग बघा. वर्ग 1 असेल तर मालकाला विकता येते. वर्ग 2 असेल तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. धरणग्रस्तांना पुनर्वसनात मिळालेल्या जमिनी, इनाम-वतनाच्या जमिनी, सरकारने वाटलेल्या जमिनी बहुधा यात येतात. मग 'इतर हक्क' हा रकाना. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचं नाव, 'वन' असा शेरा, पुनर्वसनासाठी राखीव असल्याची नोंद, सगळं तिथे असतं. खासगी वनाचा शेरा दिसला तर तिथेच थांबा. 1975च्या खासगी वने संपादन कायद्याची नोंद असलेल्या जमिनीत लोकांची आयुष्यं कोर्टात गेलेली मी पाहिली आहेत.

त्यानंतर नावं मोजा. या खोऱ्यांतले निम्मेअधिक कर्ते पुरुष दोन-तीन पिढ्या मुंबईला. माथाडी, गोदी, गिरण्या. एका सातबाऱ्यावर वीस-बावीस नावं, त्यातली पाच-सहा वारलेली, त्यांची वारस नोंद झालेली नाही. गावात राहणारा एक भाऊ तुमच्याशी बोलतो आणि प्रामाणिकपणे बोलतो. पण घाटकोपरच्या चुलत्याला आणि नवी मुंबईतल्या पुतण्याला काही माहीतच नसतं. बहिणींची नावं तर हमखास राहिलेली असतात. मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे. तिचं हक्कसोडपत्र नोंदणीकृत आहे का ते बघा, "ती काही मागत नाही" या तोंडच्या शब्दावर जाऊ नका.

एक उपयोगाची गोष्ट सांगतो. सगळे भाऊबंद एकत्र भेटतात ते गावच्या यात्रेला, शिमग्याला आणि गणपतीत. व्यवहार खरा असेल तर मालक स्वतःच म्हणतो, "यात्रेला या, सगळे असतील, समोरासमोर बोलू." ज्याला ती गाठ नको असते, त्याची जमीन मी कोणाला सुचवत नाही.

जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढा, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वकिलाकडून करून घ्या, आणि रस्ता नकाशात आहे की नुसता वहिवाटीचा आहे ते विचारा. वहिवाटीचा रस्ता आज हसून देतात, भांडण झालं की त्यावर काट्या पडतात.

मी शेतकरी नाही. शेतजमीन घेता येईल का?

नाही. कुळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच विकता येते, अपवादासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. परवानगीशिवाय घेतली तर व्यवहार अवैध ठरतो आणि कलम 84क खाली जमीन सरकारजमा होऊ शकते. महाराष्ट्रात दुसरीकडे कुठेही तुमच्या नावावर शेती असेल तर प्रश्न नाही, तो सातबारा जोडा. नसेल तर बिनशेती झालेली जागा किंवा गावठाणातलं घर बघा. 'शेतकरी दाखला काढून देतो' म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. खोट्या दाखल्यावर घेतलेल्या जमिनीची चौकशी वीस वर्षांनीही लागते, आणि तेव्हा दाखला काढून देणारा सापडत नाही.

दोन-तीन गुंठ्यांचा तुकडा घेतला तर?

शेतजमिनीचा तुकडा असा पाडता येत नाही. तुकडेबंदीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे तुकड्याची किमान मर्यादा, 2023 मध्ये बागायतीला 10 गुंठे आणि जिरायतीला 20 गुंठे असं कमी केलं आहे, त्याच्या खालचा व्यवहार करायचा तर नियम तपासूनच. मग काही जण वाट काढतात: दहा जणांची नावं एकाच गटावर सामाईक चढवायची आणि आपसात चुन्याच्या रेघा मारायच्या. चुन्याची रेघ पहिल्या पावसात जाते. कायद्याच्या डोळ्यांनी तुम्ही सगळे त्या संपूर्ण गटाचे सहहिस्सेदार असता. दुसऱ्याने कर्ज काढलं, दुसरा वारला, दुसऱ्याने विकलं, की दर वेळी तुमचीही झोप जाते.

प्लॉटिंगच्या स्कीममध्ये किंवा तयार बंगला घेतला तर सोपं नाही का?

कागद पूर्ण असतील तर सोपं आहे. प्रकल्पाची जमीन 500 चौरस मीटरपेक्षा जास्त आणि घरं आठपेक्षा जास्त असतील तर महारेराची, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाची, नोंदणी लागते, आणि हे प्लॉटच्या स्कीमलाही लागू आहे. नोंदणी क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर जाऊन स्वतः बघा. बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी हे तिन्ही कागद एकाच गट नंबरचे आहेत ना, हेही ताडून पाहा. बँकेच्या वकिलाने कर्ज नाकारलं तर त्याच्यावर रागावू नका. त्याने तुमचं काम फुकटात केलेलं असतं.

त्यापेक्षा महाबळेश्वरात वेण्णा लेकजवळच घेतलं तर?

तिथले नियम आणखी कडक आहेत. महाबळेश्वर-पाचगणी परिसर जानेवारी 2001 पासून केंद्र सरकारच्या अधिसूचनेने पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. झाड तोडायला, डोंगर कापायला, जमिनीचा वापर बदलायला मोकळीक नाही, आणि बेकायदा बांधकामांवर हातोडा पडतो. शिवाय गावातले बरेच जुने बंगले शासनाच्या भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभे आहेत. तिथे तुम्ही विकत काय घेताय, जमीन की उरलेली मुदत, हे मिळकत पत्रिकेवर बघा. वेण्णा तलाव स्वतः 1842चा, साताऱ्याच्या छत्रपतींनी गावाच्या पाण्यासाठी बांधलेला. सुट्टीच्या दिवशी त्याच्या काठच्या रस्त्यावर तासन् तास गाड्या अडकतात. तिथे राहायचं तर त्या दिवसांत दूधसुद्धा आदल्या रात्री आणून ठेवावं लागतं.

नवीन महाबळेश्वर प्रकल्पामुळे भाव वाढतील का?

नवीन महाबळेश्वर म्हणजे या भागात नवं गिरिस्थान उभं करायचा सरकारी प्रकल्प. त्यासाठी राज्य रस्ते विकास महामंडळाला विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं आहे. आधी सातारा, जावळी, पाटण आणि महाबळेश्वर तालुक्यांतली 235 गावं होती, नंतर आणखी गावं घेतली. घर राहायला घेणाऱ्याने एवढंच करावं: आपला गट आराखड्यात कोणत्या वापरासाठी दाखवला आहे त्याचा झोन दाखला काढावा. "उद्या रहिवासी झोन होणार" या आशेवर आज पैसे देऊ नका. मला या प्रकल्पाची एक काळजीही वाटते. डोंगर कापून रस्ते झाले की झरे तुटतात, आणि आमची गावं झऱ्यांवर जगतात.

चालू दर काय आहे?

दर मी सांगत नाही. एका बांधाच्या दोन बाजूंना दुपटीचा फरक असतो. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर रेडी रेकनर, म्हणजे सरकारी दरांचा तक्ता, आहे, आणि त्या गावातले नोंदवलेले दस्तही शोधता येतात. शेजारच्या गटाचा अलीकडचा दस्त बघा. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. ज्यांना चालेल त्यांनी जरूर घ्यावी.

पाऊस खरंच इतका असतो का? घर कसं बांधावं?

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पुण्यात सातशे-आठशे. जुलै 2021 मध्ये तिथे एका दिवसात 594 मिलिमीटर पडला. पुण्याचा जवळजवळ वर्षाचा पाऊस एका दिवसात. त्या वेळी घाटरस्ते जागोजागी खचले, दरडी आल्या, आणि खोऱ्यातली गावं कित्येक दिवस तुटली. आम्ही घरात होतो. डाळ-तांदूळ होते, मेणबत्त्या होत्या, पण शेजारच्या काकांची रक्तदाबाची गोळी संपली होती. तेव्हापासून मी जूनच्या पहिल्या आठवड्यात तीन महिन्यांची औषधं भरतो, आणि नव्या माणसाला पहिल्यांदा तेच सांगतो.

बांधताना स्लॅबचा सपाट माथा ठेवू नका. ठेवलात तर वर उतरतं पत्र्याचं किंवा कौलाचं छप्पर हवंच. वळचण निदान तीन-चार फूट बाहेर काढा. पश्चिमेच्या भिंतीवर पाऊस आडवा मारतो, त्या बाजूला मोठ्या काचा लावू नका. नेमका तलावाचा देखावा पश्चिमेला असला तर मोह आवरा, नाहीतर पुढे खोल व्हरांडा काढा. जांभ्याची भिंत दिसायला देखणी, पण ती पाणी पिते, बाहेरून गिलावा किंवा पावसाळ्यापुरतं आच्छादन लागतं. उताराचं पाणी घराच्या मागून येतं, म्हणून घराआधी मागचा चर खणा. डोंगर सरळ कापून त्याच्या पायथ्याशी घर बसवणं हा सगळ्यात मोठा धोका. ताल, म्हणजे माती अडवणारी दगडी भिंत, घालायची तर तिला पाणी निघायला भोकं ठेवा.

आणि ओल. आमच्या घरात कपड्यांच्या कपाटाच्या तळाला एक छोटा पिवळा बल्ब आहे, जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो रात्रंदिवस जळतो. पहिल्या वर्षी तो नव्हता. नवरात्रात कपाट उघडलं तर माझ्या कोटावर आणि चपलांवर हिरवी-पांढरी बुरशी, आणि बायकोच्या पैठणीच्या घडीवर ठिपक्यांची रांग. ते डाग अजून गेलेले नाहीत. वर्षातून चारदा येऊन राहणाऱ्यांनी हे आधी ऐकावं: बंद घर पावसाळ्यात सडतं. चावी गावातल्या कोणाकडे तरी ठेवा, आठवड्याला दारं-खिडक्या उघडायला सांगा आणि त्याचे पैसे वेळेवर द्या.

समोर एवढा तलाव आहे, मग पाण्याची काय चिंता?

ही चिंता सगळ्यात मोठी आहे, आणि शहरातून येणाऱ्याला तीच कळत नाही. तलावातलं पाणी उचलायला जलसंपदा विभागाची परवानगी लागते, आणि मेमध्ये ते पाणी खाली आणि लांब गेलेलं असतं. गावं पितात ती डोंगरातल्या झऱ्यांचं आणि विहिरींचं पाणी. मार्च-एप्रिलनंतर अनेक वाड्यांत टंचाई असते. तुमच्या बंगल्याच्या बाथटबचं पाणी कोणाच्या तरी हंड्यातून येतं, हे डोक्यात ठेवून बांधा. छपराचं पाणी टाकीत साठवा, पाऊस काही कमी नाही. टाकी मात्र मोठी आणि झाकलेली हवी. सेप्टिक टँकचं पाणी तलावाकडे सोडू नका.

वीज, नेटवर्क, दवाखाना, शाळा?

वीज पावसात जाते, कधी दोन-दोन दिवस. इन्व्हर्टर पुरत नाही, सोबत सौर दिवे ठेवा. मोबाइलची रेंज वळणावळणाला बदलते. घरून काम करणाऱ्यांनी जागेवर उभं राहून आपल्याच सिमकार्डवर बोलून बघावं. तापोळ्याला प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, त्यापुढे महाबळेश्वर किंवा सातारा. हृदयाचा त्रास असलेल्यांना मी स्पष्ट नको म्हणतो. मुलं शाळेच्या वयाची असतील तर सातारा किंवा वाईला राहा, इथे सुट्टीला या.

पलीकडच्या काठाला जागा स्वस्त आहे. घ्यावी का?

स्वस्त आहे ती पाण्यामुळे. पलीकडच्या गावांचं येणंजाणं लाँचवर आणि तराफ्यावर. तराफ्यावर गाडीही चढते, पण वारं सुटलं की तो काठालाच थांबतो. पुलांची कामं निघाली आहेत, तरी आज जे आहे त्यावर ठरवा. शिवाय पश्चिमेचा बराचसा डोंगर कोयना अभयारण्याचा, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वासोटा किल्ल्यावर जाणाऱ्यालाही तिथे वन विभागाची परवानगी काढावी लागते.

घर भाड्याने देऊन हप्ता निघेल का?

निव्वळ त्या हिशेबावर घेऊ नका. ऑक्टोबर ते मे शनिवार-रविवार चालतात, मधले वार रिकामे. पावसात बोटिंग बंद. स्वयंपाक करणारी ताई आणि घर सांभाळणारा माणूस गावातलाच असेल आणि नोंदणी रीतसर असेल, तर घराचा खर्च निघतो. त्याहून जास्त मी कोणाला सांगितलेलं नाही.

भूकंपाची भीती आहे का?

11 डिसेंबर 1967 ची पहाट इथल्या म्हाताऱ्या माणसांना अजून आठवते. कोयनानगर परिसर उद्ध्वस्त झाला. लहान धक्के आजही बसतात, भांडी वाजतात आणि थांबतात. घाबरून जाऊ नका, पण जोत्याला, खिडकीच्या वर आणि छपराखाली काँक्रीटचा सलग पट्टा घातल्याशिवाय भिंत उभी करू नका. नुसत्या दगडमातीच्या जुन्या घराचं रूप आवडलं तरी आधी अभियंत्याला दाखवा.

गव्यांचा, बिबट्याचा त्रास होतो का?

गवे संध्याकाळी रस्त्यावर येतात. गाडी थांबवा, दिवा मंद करा, जाऊ द्या. कुत्रा रात्री आत घ्या.

गाव बाहेरच्या माणसाला आपलं मानतं का?

मानतं, पण आधी इथे काय झालं ते माहीत असावं. धरणात यांची गावं गेली. चांगली भातखाचरं, देवळं, वाडे, सगळं तळाला. काही कुटुंबांचं पुनर्वसन सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशा लांबच्या जिल्ह्यांत झालं, काही डोंगराच्या अंगावर वर सरकली. कित्येकांचे पुनर्वसनाचे प्रश्न अजून सुटलेले नाहीत. तुम्ही ज्याला 'लेक व्ह्यू' म्हणता, तो त्यांच्या आज्याचा उंबरठा आहे.

माझ्या शेजारच्या आजी एकदा उन्हाळ्यात मला काठावर घेऊन गेल्या. पाणी त्या वर्षी फार खाली गेलं होतं. चिखलात दगडाची एक ओळ वर आली होती, चौकोनी, जोत्याची. त्यांनी काठीने दाखवलं: "ही आमची पडवी. इथं जातं होतं." मग खाली वाकून दोन खडे उचलले आणि पदराला बांधले. मी काही बोललो नाही. परत येताना त्यांनी विचारलं, "तुझ्या घरी अंगणात तुळस लावलीस का रं? माझ्याकडचं रोप ने."